सोलरला बटण नसतं

"भाऊ, गारचा नळ सोडला तरी हात पोळायलाय. नवीन सोलर टाकावं लागलं तर टाकू, पण लेकरं हाईत घरात," मावशींनी फोनवर सांगितलं, तेव्हा एप्रिल अर्धा सरला होता. परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात या दिवसांत दुपारचा पारा चाळिशीपार असतो. मिस्त्रींनी पिशवीत पान्हे, टेफ्लॉनची टेप आणि थर्मामीटर टाकलं, वर रिकामी पोती कोंबली. मी मागे बसलो.

गिझरचं पाणी जास्त तापलं तर बघायच्या जागा ठरलेल्या असतात. थर्मोस्टॅट चिकटला की पाणी तापलं तरी कॉइल चालूच राहते. मग त्याच्या पाठीशी बसवलेला कटआउट वीज तोडतो. तो वारंवार पडतो म्हणून काही जण त्याला वगळून वायर थेट जोडतात. मिस्त्रींच्या मते असा गिझर घरात ठेवण्यापेक्षा गार पाण्याने आंघोळ बरी. पण सोलरच्या बाबतीत एवढाही आधार नाही. ऊन पडलं की ते चालू, ऊन गेलं की बंद. मधे बटण कुठेच नाही.

गच्चीवर 200 लिटरचं सोलर होतं, खाली 20 काचेच्या नळ्या. बाजूच्या उंच चौथऱ्यावर गार पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी. मिस्त्रींनी आधी कशालाच पान्हा लावला नाही. तीन ठिकाणचं पाणी मगात घेऊन मोजलं. सोलरमधून निघणारं 84 अंश, काळ्या टाकीतलं 39 आणि बाथरूमच्या गारच्या नळाचं 57. "टाकीत 39 आणि नळाला 57. मधले 18 अंश आले कुठून?"

टाकीतलं पाणी नुसतं उन्हाने तापलं असतं, तर नळालाही साधारण तेवढंच आलं असतं. म्हणजे गरमची लाइन कुठेतरी गारच्या लाइनला मिळाली होती. हे तपासायची रीत सोपी आहे. त्यांनी काळ्या टाकीखालचा गारच्या लाइनचा वॉल्व्ह पूर्ण बंद केला आणि मला गारचा नळ उघडायला सांगितलं. उरलंसुरलं पाणी निघून गेल्यावर धार थांबायला हवी होती. ती थांबली नाही; उलट वाफाळू लागली.

चोर न्हाणीघरातच होता. भिंतीवरच्या मिक्सरला कपडे धुण्याच्या मशीनसाठी रबरी पाइप जोडलेला, पाइपाच्या टोकाला छोटा कॉक. घरातली माणसं टोकाचा कॉक बंद करत आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या तशाच उघड्या सोडत. पाणी बाहेर येत नाही म्हणजे बंदच आहे, असं कुणालाही वाटेल. पण आत गरम आणि गार यांच्यामधलं दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरात गारचा नळ सोडला की काही पाणी टाकीतून येई, काही सोलरमधून.

असं होऊ नये म्हणून गारच्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा वॉल्व्ह, बसवलेला होता. मिस्त्रींनी तो खोलून तळहातावर उलटा ठोकला. पांढरट, करकरीत खपल्या पडल्या. झडपेच्या कडेला क्षार बसल्यामुळे ती नीट मिटतच नव्हती. आपला मुलूख बसाल्टच्या काळ्या खडकाचा. त्यातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते बाहेर पडून धातूला धरतात, आणि 60 अंशांच्या पुढे हा वेग चांगलाच वाढतो. शिवाय मिक्सरमधून गरम पाणी या वॉल्व्हपर्यंत येत होतंच. म्हणजे जास्त तापल्याने क्षार, क्षाराने झडप उघडी, आणि झडप उघडी म्हणून गारच्या नळाला गरम पाणी.

"पण 84 अंश? तो तर सोलरचाच बिघाड ना?" मी विचारलं. मिस्त्री नळ्यांवरून हात फिरवू लागले. आत पाणी उकळीच्या जवळ, पण काच हाताला जेमतेम कोमट. दुहेरी काचेच्या मधली हवा काढलेली असते, म्हणून आतली उष्णता बाहेर येत नाही. प्रत्येक नळीच्या बुडाशी चंदेरी आरसा दिसला पाहिजे; तो पांढरा पडला की हवा आत शिरली, नळी गेली. इथे सगळे आरसे लख्ख होते. सोलर उत्तम काम करत होतं. अडचण तीच होती.

त्यांचा हिशेब असा. कडक उन्हात हे सोलर दिवसाला भरल्या टाकीच्या तापमानात पंचवीस-तीस अंशांची भर घालतं. थंडीत आठ माणसं पहाटे आंघोळ करतात, टाकी रिकामी होते, नवं गार पाणी आत येतं. एप्रिलमध्ये निम्मी माणसं पुण्याला, आणि उरलेल्यांना गरम पाणी नको. कालची उष्णता टाकीतच राहते, आज तिच्यावर नवी चढते. त्यात स्टँड फारसा उभा नव्हता. सिरसाळा साधारण 19 अक्षांशावर. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. आडव्या नळ्यांना तेव्हा भरपूर ऊन मिळतं; उभट स्टँडला हिवाळ्यात जास्त आणि उन्हाळ्यात कमी.

मग त्यांनी व्हेंट पाइप पाहिला. वाफ जायची ही एकमेव वाट. तिच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, अर्धं भोक बुजलं होतं. ते पूर्ण बुजलं असतं तर वाफेने टाकी फुगली असती. आणि टाकी घाईने रिकामी होताना हवा आत न आल्याने आतला पत्रा चेपलाही असता. तार घालून माती काढली.

सोलरची खरी कसोटी मात्र पाणी नसताना लागते. बोअर आटली, टाकी भरली नाही, तर कोरड्या नळ्या आतून 200 अंशांच्याही वर जातात. अशा वेळी भर दुपारी पाणी सोडलं की काच तडकते. मिस्त्रींचा नियम पक्का: रिकामं सोलर भरायचं ते पहाटेच. उष्णता वाहून न्यायला पाणी हवं, हे परळी तालुक्याला वेगळं सांगायला नको. पाणी नाही म्हणून फेब्रुवारी 2013 मध्ये परळीचं थर्मल वीजकेंद्र बंद पडलं होतं; कोळसा पेटवता येतो, वाफेला आणि थंडाव्याला लागणारं पाणी कुठून आणणार?

आता पोती बाहेर निघाली. 20 पैकी 10 नळ्या त्यांनी झाकून सुतळीने बांधल्या. नवा एनआरव्ही बसवला, मिक्सरच्या दोन्ही चाव्या बंद केल्या, काळ्या टाकीवर पांढरा चुना मारायला सांगितलं. "रोज संध्याकाळी दोन बादल्या गरम पाणी भांड्याला काढा मावशी, टाकीत गार येईल. आणि लेकरांच्या बादलीत आधी गार, मग गरम. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडं सोलतं."

"पोती काढायची कवा?"

"मृग लागला की. आभाळ आलं की गरम पाणी लागंलच तुम्हाला."

मावशी नवीन सोलरच्या तयारीत होत्या. खर्च एका वॉल्व्हवर आणि मजुरीवर भागला. परतताना मिस्त्री म्हणाले, विकणारा माणूस जानेवारीत किती जण आंघोळ करतात ते विचारतो आणि त्यावरून टाकी ठरवतो. त्यांच्याकडे कुणी मोठं सोलर मागायला आलं, तर त्यांचा पहिला प्रश्न वेगळा असतो: मे महिन्यात घरात किती माणसं असतात? उत्तर दोन आलं, तर ते 100 लिटरवरच थांबवतात. थंडीत पाणी कमी पडलं तर चुलीवर हंडा चढवता येतो.