वारीनंतरचें ताट

आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीस सोलापूर जिल्ह्यांत प्रवेश करते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगांव, वाखरी असे मुक्काम करीत आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरीं पोंचते. सुमारें २५० किलोमीटर चालून आलेल्या वारकऱ्यापुढें दुसऱ्याच दिवशीं एकादशीचा उपवास असतो. भक्तीच्या दृष्टीनें हा योग परम मंगल होय. परंतु घरांतील वडीलधारी माणसें वारीस जात असतील, तर त्याचा शरीरशास्त्राच्या दृष्टीनेंहि विचार करणें आपलें कर्तव्य आहे.

दीर्घकाल चालल्यानें स्नायूंत दोन गोष्टी घडतात. ग्लायकोजेनच्या रूपानें सांठविलेलें पिष्टद्रव्य खर्ची पडतें आणि स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. पहिलीची भरपाई पिष्टमय अन्नानें व दुसरीची प्रथिनांनीं होते. ही डागडुजी चालणें थांबतांच संपत नाहीं. ती एक दिवस, किंबहुना अधिक काळ, चालूं राहते. म्हणजे एकादशी हाच नेमका दुरुस्तीचा दिवस!

६० किलो वजनाच्या मनुष्यास मुक्कामीं पोंचल्यावर तासा-दोन तासांत सुमारें ६० ग्रॅम पिष्ट व प्रत्येक जेवणांत १८ ते २० ग्रॅम प्रथिनें मिळावींत; वृद्धांस प्रथिनें थोडीं अधिकच हवींत. २०१६ सालीं भौगोलिक मानांकन लाभलेल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीचीच भाकरी घ्या. १०० ग्रॅम पिठांत सुमारें ७० ग्रॅम पिष्ट व १० ग्रॅम प्रथिनें असतात. सोबत ३० ग्रॅम दाण्यांची शेंगाचटणी घेतली कीं आणखी सात ग्रॅमांची भर पडते. तथापि ज्वारी व शेंगदाणा या दोहोंतहि लायसिन नांवाचा प्रथिनांचा आवश्यक घटक कमी असतो. तो डाळींत व दुधादह्यांत चांगला मिळतो. म्हणून घट्ट वरण किंवा वाटीभर दहीं ही चैन नव्हे, ती भाकरीची पुरवणी आहे.

आतां उपवासाचें ताट पाहूं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅमांत एक ग्रॅमहि प्रथिन नसतें. केवळ खिचडीवर दिवस काढल्यास शक्तीचा सांठा भरेल, पण इजा भरून येण्यास साहित्य मिळणार नाहीं. यासाठीं व्रत मोडण्याचें कारण नाहीं. खिचडींत मूठभर दाण्याचें कूट, पेलाभर दूध आणि राजगिऱ्याच्या लाह्या एवढें योजिलें, तरी प्रथिनांचा हिशेब जुळतो. राजगिऱ्यांत लायसिनहि पुष्कळ असतें.

पाण्याचाहि विसर पडूं नये. घामानें वजन एक किलो घटलें असेल तर सव्वा ते दीड लिटर पाणी हळूहळू प्यावें, आणि सोबत मीठहि पोटांत जावें. मीठ घातलेलें ताक किंवा लिंबाचें सरबत याकामीं उत्तम; उपवासास सैंधव चालतें. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं मात्र वैद्यकीय सल्ल्यावांचून उपवास किंवा आहारांत बदल करूं नये.

निर्जळी उपवासाचा आग्रह धरणाऱ्या वडिलांस गृहिणीनें एवढेंच नम्रपणें सुचवावें कीं, पुढील वर्षींची वारी घडावयाची असेल तर ज्या पायांनीं ही वारी घडविली, त्यांचेंहि देणें त्याच दिवशीं फेडलें पाहिजे.