आवाजाची साठवण : भाग 7 – तबला बाजूला ठेवून वाजलेले दहा राग

गेल्या आठवड्यात आपण लाखेच्या तबकडीपाशी थांबलो होतो. पळसा-कुसुमावरच्या किड्यांच्या लाखेपासून घडलेली, मिनिटाला 78 फेरे घेणारी ती तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांतच संपायची. 1948 साली अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची लाँग प्ले रेकॉर्ड आणली. फेरे 33⅓ वर आले, खाच बारीक झाली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. चित्रपटाची सगळी गाणी एका तबकडीत बसली.

पार्श्वसंगीत मात्र आपल्याकडे बहुधा थिएटरातच राहिलं. 1977 च्या 'स्टार वॉर्स'ची दोन तबकड्यांची रेकॉर्ड जॉन विल्यम्स यांच्या पार्श्वसंगीताने भरलेली आहे. आपल्या कंपन्या गाणी विकत. 'शोले'ची हकीगत त्याहून वेगळी. पॉलिडॉरने त्याच्या संवादांची रेकॉर्ड काढली, ती तुफान खपली आणि गावोगावच्या मांडवांत भोंग्यावरून गब्बर बोलू लागला.

या सगळ्यात वादक कुठे होते? कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असत. साथीला वाजवणाऱ्यांना क्वचितच जागा मिळे. चरणजित सिंग त्यांच्यापैकीच एक. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे. 'दम मारो दम'मधला ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे विजेवरचं अकॉर्डियन, त्यांचा. 1982 साली त्यांनी स्वतःच्या नावाने एक रेकॉर्ड केली, ती एचएमव्हीने काढली : 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग. तबला नाही. ताल रोलँड कंपनीच्या टीआर-808 या यंत्राचा, स्वर ज्युपिटर-8 या सिंथेसायझरचा आणि खर्जात टीबी-303.

या 303 पाशी जरा थांबू. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. ते फारसं खपलं नाही आणि 1984 मध्ये कंपनीने बंद केलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. रागाला मींड लागते, तुटक पट्ट्यांच्या पेटीवर ती निघत नाही, हे आपल्या भजनी मंडळातला पेटीवालाही सांगेल. चरणजित सिंग यांनी त्या घसरणीत मींडेच्या जवळचं काहीतरी ऐकलं. माझ्या मते या रेकॉर्डचं मोठेपण तिथे आहे.

रेकॉर्ड चालली नाही. 1987 साली शिकागोच्या 'फ्यूचर' या मंडळींनी त्याच 303 वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं, त्यातून अ‍ॅसिड हाउस ही नृत्यसंगीताची धारा निघाली. पुढे एदो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती चरणजित सिंग यांची जुनी प्रत लागली आणि त्याच्या 'बॉम्बे कनेक्शन'ने 2010 मध्ये ती पुन्हा छापली. अ‍ॅसिड हाउसचा जनक मुंबईचा, असं तेव्हा काहीजण म्हणू लागले. ते मला पटत नाही. शिकागोवाल्यांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा पुरावा नाही. हा माणूस रागाच्या वाटेने तिथे पोचला, एवढंच खरं आणि तेवढं पुरेसं आहे. उतारवयात त्यांनी युरोपात कार्यक्रम केले. जुलै 2015 मध्ये ते गेले.

आता खाचेकडे. खर्जाचा स्वर सुईला फार आडवं हलवतो, त्याला रुंद खाच लागते. म्हणून रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर जास्त केले जातात. वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर ते उलटवून मूळ तोल परत आणतो. दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटं, म्हणजे एका बाजूला पंचवीस. एवढ्यात खाचा दाटीने बसवाव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरवावी लागते.

चरणजित सिंग यांच्या आधी, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 सालीच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी मूग सिंथेसायझर उभा केला होता. तिथे गीता साराभाई आणि इतरांनी केलेले प्रयोग टेपवरच राहिले. संगीतकार पॉल पर्गस यांनी त्या टेपा शोधल्या आणि ते संगीत 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. टेप एकाच कपाटात असते; छापलेली रेकॉर्ड हजार घरांत विखुरते, म्हणून न खपलेलीही कुठल्यातरी दुकानात टिकून राहते.

गणपती-दुर्गेच्या मिरवणुकीत नागपूरकडची धुमाल वाजते, तेव्हा गाडीवरच्या कीबोर्डवाल्याचा डावा हात बघा. तो बाजूचं चाक फिरवून स्वर ओढत असतो. 303 ने केलं तेच काम तो हाताने करतो. त्याला नाव विचारा आणि आपल्या मोबाइलमधल्या व्हिडिओखाली ते लिहा. पांढुर्णा-सौंसरच्या घरांत, बंद पडलेल्या साउंड सर्व्हिसच्या माळ्यांवर जुन्या रेकॉर्डी असतील, तर भंगारात किलोने घालण्याआधी कव्हर आणि लेबल नीट वाचा. रेकॉर्डी आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. कव्हर फाटलं असेल तर लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक उतरवून घ्या. त्यावरून रेकॉर्ड कोणती ते शोधता येतं.