साखरेच्या दाण्याएवढं बल

सर गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही ताटं घेऊन मेसच्या लाइनीत उभे होतो. सबमिशनचा आठवडा. कुणीतरी म्हणालं, "अरे, फ्लुइडचे सर गेले." "कुठे गेले?" असं विचारणारासुद्धा एक निघाला. मग सगळेच गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी सेमिनार हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटो, हार, उदबत्ती, दोन मिनिटं स्तब्धता. चार-पाच जण बोलले. सर शिस्तप्रिय होते, विद्यार्थीप्रिय होते, त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली वगैरे. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण त्या सगळ्या बोलण्यात आमचे सर मात्र मला कुठे दिसले नाहीत. व्हायव्हाला एखादा थरथरायला लागला की "आधी चहा पिऊन ये, मग बोलू" म्हणून त्याला खरंच कँटीनला पाठवणारे सर!

आठवड्याने त्यांची केबिन रिकामी करायला लॅबचे मामा आणि आम्ही तिघं गेलो. लोखंडी कपाटात सगळ्यात खाली एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये एक जुनं झेरॉक्स सापडलं. 'डायरेक्ट मेझरमेंट्स ऑफ स्किन फ्रिक्शन', नॅका रिपोर्ट क्रमांक ११२१, साल १९५३. लेखक, सतीश धवन. समासात पेन्सिलने सरांचं अक्षर.

ते झेरॉक्स मी लगेच ओळखलं. दरवर्षी बाउंड्री लेअरचं चॅप्टर संपलं की सर एक तास फक्त या रिपोर्टवर घ्यायचे. पेपरात तो कधीच येत नाही, त्यामुळे अर्धा वर्ग बंक मारायचा. मीही मारणारच होतो. बाहेर पाऊस होता आणि छत्री नव्हती म्हणून बसलो. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांचा तो तास बुडालेला आहे. आता तो पुन्हा होणार नाही, म्हणून माझ्या वहीवरून आणि आठवणीवरून जमेल तसा इथे घेतोय.

सतीश धवन म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट माहीत असते. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात गेलं. तेव्हा इस्रोचे अध्यक्ष असलेले धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले आणि जबाबदारी आपल्या अंगावर घेतली. १८ जुलै १९८० ला तेच रॉकेट यशस्वी झालं, ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा मात्र त्यांनी प्रोजेक्टचे प्रमुख अब्दुल कलाम यांना पत्रकारांपुढे बसवलं. कलामसाहेबांनी हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला की तो आता प्रत्येक पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या लेक्चरमध्ये येतो. सर ही गोष्ट दोन मिनिटांत आटपायचे. त्यांचं म्हणणं असं, की हा माणूस इस्रोत गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता आणि वीस वर्षं मास्तरकी करून गेला होता. ती वीस वर्षं बघा की.

तर बघू या. धवनांचा जन्म २५ सप्टेंबर १९२० चा, श्रीनगरचा. लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून त्यांनी गणित-भौतिकशास्त्रात बी.ए. केलं, मग इंग्रजी साहित्यात एम.ए., आणि त्यानंतर मेकॅनिकलचं बी.ई.! (मराठी विभागात लेख दिला म्हणजे पॉइंटर घसरला असणार, असं म्हणणाऱ्या रूम पार्टनरांनी नोंद घ्यावी.) पुढे अमेरिकेत मिनेसोटाला एम.एस., आणि कॅलटेकमध्ये हान्स लीपमान यांच्या हाताखाली १९५१ मध्ये पीएच.डी. कपाटातला रिपोर्ट हे तेच काम.

आता त्या कामात होतं काय?

गुळगुळीत पत्र्यावरून वारा वाहतोय. पत्र्याला अगदी चिकटलेली हवा थांबलेली असते, जरा वर गेलं की वेग वाढत जातो आणि काही मिलिमीटरवर पूर्ण वेग येतो. ही मधली पातळ पट्टी म्हणजे बाउंड्री लेअर. प्रांट्लने १९०४ मध्ये ही कल्पना मांडली, हे आपण पहिल्याच पानावर पाठ करतो. या थरामुळे हवा पत्र्याला पुढे ओढते, तेच स्किन फ्रिक्शन. विमानाचं इंजिन जे इंधन जाळतं त्यातला मोठा हिस्सा याच ओढीशी झगडण्यात जातो. म्हणजे ती ओढ किती आहे हे कळायलाच हवं.

पण ती असते किती? सरांनी फळ्यावर गणित केलं होतं, तुम्हीही करून बघा. वाऱ्याचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, आपली एसटी हायवेला लागल्यावर पळते तेवढा. पत्र्याच्या पुढच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा घ्या, नखाएवढा. प्रवाह लॅमिनार धरा. रेनॉल्ड्स नंबर येतो सुमारे चार लाख. ब्लासियसचं सूत्र लावलं की कातर ताण येतो पाव पास्कल. त्या नखाएवढ्या तुकड्यावरची एकूण ओढ म्हणजे अडीच मिलिग्रॅम वजनाइतकी. आपल्या मेसच्या साखरेचा एक दाणा!

एवढंसं बल थेट मोजायचं कसं? म्हणून लोक आडवाटेने जायचे. पिटो ट्यूबने थराच्या आतले वेग मोजायचे, हवेचा किती संवेग कमी झाला ते काढायचं आणि म्हणायचं, एवढा कमी झाला म्हणजे एवढं घर्षण असणार. सरांचा दाखला असा. महिन्याच्या एक तारखेला घरून पैसे आले, तीस तारखेला खिशात वीस रुपये उरले. मधल्या वजाबाकीवरून वडील म्हणतात, इतका खर्च झाला. झालाही असेल. पण बिल कुणी बघितलंय?

धवनांनी बिल बघायचं ठरवलं. कल्पना सोपी आहे. पत्र्याचा एक छोटा तुकडा कापून वेगळा करायचा आणि त्याच जागी लवचिक पातळ पट्ट्यांच्या आधाराने असा बसवायचा की तो पुढे-मागे हलू शकेल. आजूबाजूला अगदी बारीक फट. वारा सुटला की तुकडा किंचित सरकतो. किती सरकला ते डिफरन्शियल ट्रान्सफॉर्मरने मोजायचं, म्हणजे मेझरमेंट लॅबमधला आपला एलव्हीडीटीच. आधी माहीत असलेली बारीक वजनं लावून ठेवायची, म्हणजे किती सरकणं म्हणजे किती बल ते कळतं. याला फ्लोटिंग एलिमेंट म्हणतात.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. तुकडा भोवतालच्या पत्र्यापेक्षा केसभर वर राहिला तर वारा त्याच्या कडेवर आपटतो आणि आपण घर्षणाऐवजी भलतंच मोजून बसतो. खाली गेला तरी तेच. फटीच्या दोन बाजूंना दाब वेगळा असला तर ती आणखी एक खोटी ओढ. टनेलची थरथर वेगळीच. साखरेच्या दाण्यापुढे ही सगळी पोतीच समजा. रिपोर्टमध्ये पानंच्या पानं या चुका कशा शोधल्या, कशा कमी केल्या आणि किती उरल्या यावर आहेत. सरांच्या पेन्सिलीच्या खुणाही नेमक्या त्याच पानांवर सगळ्यात जास्त.

लॅमिनार प्रवाहात धवनांचे आकडे ब्लासियसच्या १९०८ च्या सूत्राशी जुळले. तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, "सर, मग उत्तर आधीच माहीत होतं की. एवढा खटाटोप कशाला?" सर खूश झाले. म्हणाले, याचसाठी तर हा तास घेतो. लॅमिनारचं उत्तर माहीत आहे, टर्ब्युलंटचं असं नेमकं सूत्र कुणाकडेच नाही आणि ध्वनीच्या वेगाच्या अल्याडपल्याड तर अंधारच होता. जिथे उत्तर माहीत आहे तिथे उपकरणाची परीक्षा घ्यायची. तिथे पास झालं की मगच त्याला अंधारात पाठवायचं. धवनांनी तेच केलं. लॅमिनार, मग टर्ब्युलंट, मग ध्वनीच्या वेगाच्या जवळ आणि त्याच्याही पुढे. (आम्ही जर्नलमध्ये आधी ग्राफ काढून मग रीडिंग घेतो, तो प्रकार वेगळा.)

१९५१ मध्ये धवन परत येऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयएससीत, रुजू झाले. तिथल्या एरोनॉटिक्स विभागाचा पाया १९४० च्या दशकात घातला गेला तो आपल्या कोल्हापूर भागातल्या विष्णू माधव घाटग्यांच्या हातून. घाटगे हे थेट प्रांट्लचे विद्यार्थी आणि पुढे एचएएलमध्ये एचटी-२ या विमानाचे डिझायनर. धवन १९५५ मध्ये विभागप्रमुख झाले, १९६२ मध्ये संस्थेचे संचालक झाले आणि १९८१ पर्यंत संचालक राहिले. त्यांनी तिथे सुपरसॉनिक विंड टनेल बांधला, त्याचं तोंड होतं फक्त एक इंच बाय तीन इंच. अंगाच्या साबणाच्या वडीची लांब बाजू पुढे धरा, तेवढं. मोठं यंत्र परवडत नाही तर छोटं बांधू, पण बांधू.

तिथे त्यांना एक विद्यार्थी मिळाला, रोद्दम नरसिंह. दोघांनी मिळून हात घातला तो लॅमिनार प्रवाह टर्ब्युलंट होतो कसा या प्रश्नाला. हे समजायला होस्टेलची गच्ची आठवा. वळवाचा पाऊस सुरू होतो तेव्हा सगळी गच्ची एकदम भिजत नाही. इथे एक टपोरा ओला ठिपका, तिथे एक. ठिपके पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि मग सगळंच ओलं. बाउंड्री लेअरमध्येही टर्ब्युलन्सचे असेच ठिपके उठतात, हे एमन्सने १९५१ मध्ये सुचवलं होतं. फरक इतकाच की हे ठिपके वाढता वाढता प्रवाहाबरोबर पुढे वाहत जातात. त्यामुळे मधल्या पट्ट्यातल्या एखाद्या बिंदूवर प्रवाह काही वेळ शांत असतो, काही वेळ खवळलेला. धवन आणि नरसिंह यांनी दाखवलं की हे ठिपके पृष्ठभागावर कुठेही उठत नाहीत, एका अरुंद पट्ट्यात उठतात. तसं धरलं की शांत वेळ किती आणि खवळलेला किती, याचं वाटप एकाच सूत्रात बसतं, आणि त्या प्रमाणात दोन्ही प्रवाह मिसळले की मधल्या पट्ट्याचे गुणधर्म मिळतात. हा पेपर १९५८ मध्ये 'जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स'मध्ये आला. टर्बाइनच्या पात्यांवरचा प्रवाह काढणारे लोक त्या सूत्राचा आधार आजही घेतात. नरसिंह पुढे कॅलटेकला त्याच लीपमान यांच्याकडे पीएच.डी.ला गेले, परत आले आणि स्वतः मोठे मास्तर झाले. २०२० मध्ये तेही गेले.

३० डिसेंबर १९७१ ला विक्रम साराभाई अचानक वारले तेव्हा धवन कॅलटेकमध्ये रजेवर होते, शिकवत होते. इंदिरा गांधींनी अवकाश कार्यक्रम सांभाळायला बोलावलं, तर यांनी अटी घातल्या. मुख्यालय बंगळूरला हवं आणि आयआयएससीचं संचालकपद सुटणार नाही. दोन्ही मान्य झाल्या. १९७२ पासून एकच माणूस दोन्हीकडे. सर म्हणायचे, पंतप्रधानांना सांगितलं की कॉलेज सोडणार नाही, हे पत्रकार परिषदेपेक्षा मोठं आहे. यावर आमच्या वर्गात वाद झाला होता. मला सरांचंच पटतं.

निवृत्तीनंतर धवनांनी पक्ष्यांच्या उड्डाणावर 'बर्ड फ्लाइट' नावाचं पुस्तक लिहिलं, ते १९९१ मध्ये आलं. श्रीहरिकोट्याला लागूनच पुलिकत सरोवर आहे, तिथे रोहित पक्षी येतात, आपल्याकडे भिगवणला येतात तेच. रॉकेट सोडायच्या जागेशेजारी आयुष्यभर विंग थिअरी शिकवलेला माणूस पक्षी बघतोय, हे चित्र मला फार आवडतं. ३ जानेवारी २००२ ला धवन गेले. त्याच वर्षी श्रीहरिकोट्याच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. आपण टीव्हीवर उलटी मोजणी ऐकतो ते हेच केंद्र.

सरांचा तास इथे संपायचा. बेल झालेली असायची आणि दाराशी पुढच्या तासाच्या मॅडम.

आता थोडं झेरॉक्सबद्दल. फ्लोटिंग एलिमेंटच्या आकृतीशेजारी समासात सरांनी पेन्सिलने तीनच शब्द लिहिलेत : "आपल्या टनेलवर जमेल?" तारीख नाही.

आम्ही तिघांनी करून बघायचं ठरवलं. वर्कशॉपमधून शिमच्या पट्ट्या आणल्या, एलव्हीडीटी मेझरमेंट लॅबचा, तुकडा ॲल्युमिनियमचा. तो पातळीत बसवायलाच पंधरा दिवस गेले. यायला हवेत अडीच मिलिग्रॅम. पहिल्यांदा आले नऊ, दुसऱ्यांदा एक, आणि तिसऱ्यांदा तुकडा वाऱ्याच्या उलट दिशेने सरकला! टनेल बंद करून बघितलं तरी रीडिंग हलतंच होतं. शेजारी मशीन शॉपमध्ये शेपर चालू होता.

मामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "सरांचं पण असंच व्हायचं. म्हणून ते रात्रीचे यायचे, मशीन शॉप बंद झाल्यावर. मला चहा आणायला लावायचे."

त्यांनी स्वतः करून बघितलं होतं आणि तासाला एका शब्दाने बोलले नव्हते. मामांना विचारलं, शेवटी आकडा आला का? मामांना ते माहीत नाही. कपाटात त्याची वही सापडली नाही.

रात्री दहा ते एक लॅब उघडी ठेवण्यासाठी एचओडी सर आणि रेक्टर सरांकडे अर्ज दिला होता, तो मंजूर झालाय. आमचं हे शेवटचं सेम. सेकंड इयर, थर्ड इयरच्या कुणाला यायचं असेल त्याने यावं. झेरॉक्स लॅबच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यावर पेनने काही लिहू नये. चावी मामांकडे. येताना चहाचा थर्मास आणा.