देहाच्या पोथीतील पाठभेद

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. त्या कामात पोथ्या ताडून पाहण्यासाठी एक साधी पण फार उपयुक्त युक्ती योजिली गेली. चौकटी आखलेल्या कागदावर सर्वांत वर प्रचलित पाठाचा श्लोक मांडावयाचा. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ राखावयाची, आणि पोथीत जेथे निराळे अक्षर आढळेल तेथे ते नेमके त्याच जागेखाली उतरवावयाचे. मग पाठभेद हुडकीत बसावे लागत नसे. उभ्या रांगेवरून नजर फिरविली की तो दिसे.

आज जीवशास्त्रज्ञ मानवी देहाची पोथी वाचताना हीच युक्ती वापरतात. फरक इतकाच की कागदाची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. ही पोथी डी. एन. ए. या रसायनाची असून ती ए, सी, जी आणि टी या अवघ्या चार अक्षरांत लिहिलेली आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा तिच्या दोन प्रती आपणांस मिळतात, व प्रत्येक प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. सेकंदाला एक अक्षर या गतीने अहोरात्र वाचीत राहिले, तरी एक प्रत संपावयास ९५ वर्षे लागतील. म्हणूनच ही पोथी नुसती वाचून भागत नाही. तिचे चित्र काढावे लागते.

शिवाय यंत्र ती सलग वाचीत नाही. प्रचलित पद्धतीत बहुधा दीडदीडशे अक्षरांचे तुकडे वाचले जातात, आणि प्रत्येक जागा सुमारे तीस वेळा वाचली जाईल इतके तुकडे घेतात. संगणक प्रत्येक तुकडा प्रमाण मानलेल्या प्रतीशी ताडून त्याच्या ठिकाणी बसवितो. पडद्यावर वर प्रमाण प्रत आणि खाली विटांच्या थरांसारखे हे तुकडे दिसतात. जुळणारी अक्षरे फिकी आणि न जुळणारी रंगीत ठेवलेली असतात. एका उभ्या रांगेत निम्म्या तुकड्यांत वेगळा रंग दिसला, तर तो भेद आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला असावा. तिसांपैकी एकाच तुकड्यात तो दिसला, तर बहुधा यंत्राचीच चूक. वेगळे अक्षर नेहमी तुकड्याच्या टोकालाच येत असेल, तरी संशय घ्यावा. असा निवाडा संगणकही करतो; पण रुग्णाच्या आजाराचा प्रश्न असेल तेव्हा जाणत्या माणसाने ते थर स्वतः पाहावेत, हेच शहाणपणाचे.

अशी चित्रे काढणाऱ्या आज्ञावली रचण्यात बंगळूरचा वाटा मोठा आहे. तेथील भारतीय विज्ञान संस्था जमशेटजी टाटांच्या दातृत्वातून १९०९ साली उभी राहिली, आणि गावातले जुने लोक तिला अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणूनच ओळखतात. तेथील विजय चंद्रू, रमेश हरिहरन, स्वामी मनोहर व व्ही. विनय या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी २००० साली 'स्ट्रँड' ही संस्था काढली. तिची आज्ञावली प्रथम 'अवादिस' व पुढे 'स्ट्रँड एनजीएस' या नावाने प्रसिद्ध झाली. तीत एक लवचीक चित्रदर्शक आहे. जनुकाचे अर्थवाही भाग एकमेकांपासून दूर विखुरलेले असतात आणि मधली लांबलचक जागा प्रथिनाच्या रचनेत उतरत नाही. ती आकसून घेतली की महत्त्वाचे भाग शेजारी शेजारी पाहता येतात.

ही सोय मोठी खरी, पण कोणतेही चित्र काही दाखविताना काही झाकते. हृदयाच्या स्नायूत मायोसिन-बंधक प्रथिन-सी नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या सुमारे २१,००० अक्षरांच्या जनुकात पंचवीस अक्षरांचा लोप झालेला असला, तर हृदयस्नायूच्या विकाराशी त्याचा संबंध असतो, असे हैदराबादचे शास्त्रज्ञ कुमारसामी थंगराज व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली दाखविले. भारतात शंभरांत सुमारे चौघांच्या ठायी हा लोप आढळतो. आणि तो आहे कोठे? आकसून घ्यावीशी वाटते त्या मधल्या जागेतच!

दुसरी अडचण प्रमाण प्रतीची. तिचा सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतील एकाच दात्याच्या डी. एन. ए.वरून तयार झालेला आहे. त्यामुळे मराठवाड्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या चित्रात जे अक्षर रंगीत दिसते, ते दोष असेलच असे नाही. ते कदाचित त्याच्या गावात सर्रास आढळणारे असेल. हे ठरवावयाचे तर हजारो भारतीयांच्या पोथ्या हाताशी हव्यात. त्यासाठी २०२० साली 'जीनोम इंडिया' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. वीस संस्थांच्या या कामाचे सूत्रसंचालन भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने केले. १०,००० व्यक्तींची ही माहिती फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात ठेवण्यात आली आणि जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. पडद्यावर एखादे अनोळखी अक्षर रंगून दिसले, की ते या दहा हजारांत किती जणांकडे आहे, हे आता पाहता येते. मात्र हे नमुने ऐंशीच्या आसपास लोकसमूहांतील आहेत, आणि देशाच्या मानववंशशास्त्रीय पाहणीत नोंदलेल्या समूहांची संख्या ४,६०० हून अधिक आहे.