गाडीतल्या नेव्हिगेशनचा मॅप अपडेट कसा करायचा? आणि तो का करायलाच हवा?

जानेवारी २०२३. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. समृद्धी महामार्गावर बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी आणि आई मागे. मेहकरला मामाला हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं होतं आणि रात्रीच ऑपरेशन करायचं ठरलं होतं. तो आत जायच्या आधी आईला त्याला एकदा भेटायचं होतं.

माझ्या फोनवर मॅप चालू होता, पण चार्जिंगची केबल घरीच राहिली आणि जालन्याच्या पुढे फोन बंद पडला. आईच्या फोनवर मामीचे फोन येत होते, म्हणून तो मोकळा ठेवला होता. बाबा म्हणाले, "अरे, गाडीत नेव्हिगेशन आहे की. ते लाव."

लावलं. स्क्रीनवर आमचा बाण हिरव्या रानातून धावत होता. खाली रस्ताच नाही! दर दोन मिनिटांनी आवाज यायचा, "शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या." मेहकरचा बोर्ड दिसला, बाबांनी वेग कमी केला आणि नेमका तेव्हाच आवाज आला, "सरळ जा." बाबा क्षणभर घोटाळले आणि एक्झिट मागे गेली. एक्सप्रेसवेवर मागे फिरता येत नाही. पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन, उतरून, परत यायला पाऊण तास गेला. आम्ही पोचलो तेव्हा मामाला आत नेलं होतं.

ऑपरेशन नीट झालं, मामा आज ठणठणीत आहे. पण दाराबाहेर बाकावर बसलेली आई मला अजून आठवते. बाबांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला. खरं तर चूक माझी होती. घरातला सॉफ्टवेअर इंजिनिअर मी, आणि २०१८ ला गाडी घेतल्यापासून त्या सिस्टीमचा मॅप मी एकदाही अपडेट केला नव्हता.

म्हणून हा लेख. तुम्ही स्वतः फोनवरच मॅप बघत असाल, पण घरातली गाडी आई-बाबा, काका चालवत असतील आणि ते त्या स्क्रीनवर विश्वास ठेवत असतील, तर हे काम तुमचं आहे.

बाण बरोबर होता, नकाशा जुना होता

आधी एक गोष्ट समजून घेऊ. जीपीएस आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जीपीएसचे सॅटेलाइट पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत वेळेचा सिग्नल पाठवतात. गाडीतला रिसीव्हर किमान चार सॅटेलाइटचे सिग्नल पकडतो, ते पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो आणि स्वतःची जागा ठरवतो. तो फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. त्यामुळे त्याला सिम लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही.

पण सॅटेलाइटला रस्ता, पूल किंवा एक्झिट यातलं काहीच माहीत नसतं. ते सगळं असतं नकाशात, आणि नकाशा गाडीच्या मेमरीत किंवा एसडी कार्डवर साठवलेला असतो. हा नकाशा म्हणजे नुसतं चित्र नाही, तो एक डेटाबेस आहे. रस्त्याचा प्रत्येक तुकडा, तो कुठे दुसऱ्याला जोडलाय, वन-वे आहे का, वेगमर्यादा किती, ही सगळी माहिती त्यात असते. जो रस्ता डेटाबेसमध्ये नाही, तो सिस्टीमसाठी अस्तित्वातच नाही.

मग आमच्या गाडीने बरोबर एक्झिटपाशीच "सरळ जा" का सांगितलं? जीपीएसमध्ये थोडाफार फरक असतोच, म्हणून सिस्टीम तुमचा बाण जवळच्या ओळखीच्या रस्त्यावर खेचून बसवते. याला मॅप मॅचिंग म्हणतात. एरवी ही फार उपयोगाची सोय आहे. आमच्या बाबतीत नवा महामार्ग नकाशात नव्हता, पण इंटरचेंजच्या आसपासचे जुने रस्ते होते. सिस्टीमला वाटलं की आम्ही त्या जुन्या रस्त्यावर आलो आणि तिने त्याच रस्त्याची सूचना दिली. म्हणजे जुना नकाशा नुसता गप्प बसत नाही, तो पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं सांगतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. तेवढ्या वेगात एक सेकंदाचा गोंधळही महाग पडतो.

नकाशा इतका जुना का राहतो?

फोनवरचा मॅप इंटरनेटवरून सतत ताजा होत असतो. गाडीतला मॅप बऱ्याच हातांतून फिरून येतो. मॅपमायइंडिया, हिअर, टॉमटॉम यांसारख्या कंपन्या नकाशाचा डेटा तयार करतात. तो गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे जातो. तिथे त्या सिस्टीमसाठी पॅकेज बनतं, टेस्टिंग होतं आणि मग अपडेट बाहेर येतो. त्यामुळे आज आलेला "नवीन" अपडेटसुद्धा काही महिने जुना असू शकतो. तुम्ही तोही टाकला नाही, तर गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचाच नकाशा घेऊन फिरते.

आता महाराष्ट्रात मधल्या काळात काय काय झालं बघा:

- समृद्धी महामार्ग: नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. पुढचे टप्पे उघडत जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला.
- पुण्याचा चांदणी चौक: जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवीन पुलांचं काम ऑगस्ट २०२३ मध्ये खुलं झालं.
- मुंबईचा अटल सेतू: जानेवारी २०२४ पासून सुरू.

२०२१ ची गाडी असेल आणि मॅपला कधी हात लावला नसेल, तर यातलं काहीच तिला माहीत नाही. अटल सेतूवर तुमचा बाण समुद्रात पोहताना दिसेल.

आधी व्हर्जन तपासा

सेटिंग्जमध्ये "सिस्टीम इन्फो", "अबाउट" किंवा नेव्हिगेशनच्या आतल्या मेनूमध्ये "मॅप व्हर्जन" शोधा. तिथे बहुतेक वेळा वर्ष आणि महिना किंवा तिमाही लिहिलेली असते. त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

इथे एक गल्लत होते. सॉफ्टवेअर अपडेट वेगळा आणि मॅप अपडेट वेगळा. सर्व्हिसिंगच्या वेळी "सिस्टीम अपडेट केली" असं सांगतात, पण त्यात मॅप असेलच असं नाही. मॅपचं व्हर्जन स्वतः बघा.

अपडेटचे तीन मार्ग

१. ओटीए, म्हणजे फोनसारखा थेट इंटरनेटवरून. कनेक्टेड कारमध्ये गाडीचं स्वतःचं सिम असतं. तिथे सेटिंग्जमध्ये ऑटो अपडेट चालू आहे का आणि सबस्क्रिप्शन संपलंय का, एवढंच बघा. सबस्क्रिप्शन संपलं की अपडेट गुपचूप थांबतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

२. पेन ड्राइव्ह किंवा एसडी कार्ड. स्वतःच्या सिमशिवाय आलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये हाच मार्ग.

३. सर्व्हिस सेंटर. ते करून देतात, पण मजुरी लागू शकते. अनेक कंपन्या सुरुवातीची काही वर्षं मॅप मोफत देतात, त्यामुळे पैसे देण्याआधी गाडीचं मॅन्युअल आणि कंपनीची साइट वाचा. मला काउंटरवर "जुनी गाडी आहे, नवीन मॅप येत नाही" असं सांगितलं होतं. कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकला तर अपडेट समोर होता, तोही फुकट.

पेन ड्राइव्हने अपडेट: स्टेप बाय स्टेप

मेनूची नावं प्रत्येक गाडीत वेगळी असतील, पण क्रम साधारण हाच.

१. कंपनीच्या अधिकृत साइटवर अकाउंट उघडा आणि गाडीचा १७ अक्षरी चेसिस नंबर टाका. तो आरसीवर मिळेल. गाडीचं नाव सारखं असलं तरी व्हेरिएंटप्रमाणे सिस्टीम वेगळी असू शकते, म्हणून अंदाजाने निवडू नका.

२. रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. १६ किंवा ३२ जीबी बहुधा पुरतो, पण साइटवरची अट वाचा. बऱ्याच सिस्टीमना फॅट-३२ फॉरमॅट लागतो. माझी पहिली चूक इथेच झाली. घरातला ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये होता आणि गाडी त्याला ओळखच देईना. अर्धा तास मला यूएसबी पोर्ट खराब झालाय असं वाटत होतं.

३. काही गाड्यांमध्ये रिकामा पेन ड्राइव्ह आधी गाडीत लावावा लागतो. गाडी त्यावर स्वतःची ओळख लिहिते, मग तोच कॉम्प्युटरला लावून कंपनीच्या सॉफ्टवेअरने डाउनलोड करायचं. शेवटपर्यंत तोच पेन ड्राइव्ह वापरा. मध्येच बदललात तर पहिल्यापासून सुरुवात.

४. डाउनलोड वायफायवर करा. भारताचा नकाशा काही जीबींचा असतो, रोजच्या दीड जीबी डेटा पॅकमध्ये बसणार नाही. पूर्ण झाल्यावर पेन ड्राइव्ह "सेफली रिमूव्ह" करूनच काढा.

५. गाडी मोकळ्या जागी उभी करा आणि कंपनीच्या सूचनेत तसं सांगितलं असेल तर इंजिन चालू ठेवा. बंद गॅरेजमध्ये हे अजिबात करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो. ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर ते बंद करा. माझी दुसरी चूक: पेट्रोल वाचवायला मी फक्त इग्निशन ऑन ठेवलं. ७० टक्क्यांवर बॅटरी वाचवण्यासाठी सिस्टीमने स्क्रीन बंद केली. नशिबाने पुन्हा लावल्यावर अपडेट पुढे सुरू झाला. दर वेळी असं होईलच असं नाही.

६. अर्धा ते एक तास धरून चला. मध्ये स्क्रीन काळी होईल, सिस्टीम रीस्टार्ट होईल. घाबरू नका आणि पेन ड्राइव्ह उपटू नका.

७. झालं की व्हर्जन आधीच्या फोटोशी ताडून बघा. मग ओळखीचा एखादा नवा रस्ता शोधा. मी समृद्धीवरचा मेहकरचा एक्झिट शोधला. तो दिसल्यावरच बाबांना फोन केला.

या फंदात पडू नका

टेलिग्रामवर आणि काही दुकानांत "लेटेस्ट क्रॅक मॅप"चे एसडी कार्ड मिळतात. अनेक सिस्टीममध्ये नकाशा त्या ठरावीक कार्डाशी किंवा गाडीशी लॉक असतो, त्यामुळे कॉपी चालत नाही. कधीकधी तर सिस्टीमच अडकून बसते. दुसऱ्याच्या गाडीचं कार्ड आणलं तरी हीच कथा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सर्चमध्ये "मॅप अपडेट" टाकल्यावर वर दिसणाऱ्या जाहिरातींतल्या नंबरवर फोन करू नका. कुणी रिमोट ॲक्सेसचं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. नकाशासाठी तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा कुणालाही लागत नाही. बाबांनाही हे सांगून ठेवा.

अपडेट मिळतच नसेल तर?

जुन्या मॉडेलसाठी कंपनी कधी ना कधी मॅप बंद करते. गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर फोनचा मॅप मोठ्या स्क्रीनवर दाखवा. निघण्याआधी त्या भागाचा ऑफलाइन मॅप वायफायवर डाउनलोड करा, आणि केबल गाडीतच ठेवा. हे मी अनुभवाने सांगतोय.

तरी गाडीतली सिस्टीम टाकाऊ नाही. समृद्धीवर इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. आत सॅटेलाइटचा सिग्नल येत नाही. अनेक गाड्यांची सिस्टीम चाकांचा वेग आणि वळण मोजणारे सेन्सर वापरून बाण पुढे सरकवत राहते. स्टँडवर लावलेल्या फोनला चाकांचा वेग कळत नाही, तो नुसता अंदाज बांधतो. म्हणून दोन्ही तयार असणं सगळ्यात चांगलं.

आणि शेवटी रस्ता बघा

ताजा मॅपसुद्धा देव नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यातल्या कोतूळजवळ रात्री फोनवरच्या मॅपच्या भरवशावर निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून थेट पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. पूल नकाशात होता, त्यावर पाणी आहे हे नकाशाला माहीत नव्हतं. बोर्ड एक सांगतोय आणि आवाज दुसरंच, तर बोर्डाचं ऐका. शंका आली तर सुरक्षित जागी थांबा, विचारा.

आता आमच्या घरी एक नियम आहे. वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, गाडीची पूजा करायच्या आधी मी मॅपचं व्हर्जन तपासतो. बाबा हार घालतात, मी पेन ड्राइव्ह लावतो. मागच्या दसऱ्याला आईने आवर्जून विचारलं, "झालं का रे तुझं? मामाकडे जायचंय."