नेच्यांचे दुहेरी जीवन

पावसाळा स्थिरावला की सह्याद्रीच्या घाटांतील ओल्या दरडी, जुन्या विहिरींचे चिरे आणि वृक्षांची शेवाळलेली खोडे नाजूक, कातीव पानांनी हिरवीगार होतात. हे नेचे होत. यांना फूल येत नाही, फळ धरत नाही आणि बीही नसते. तरीही सुमारे ३५ कोटी वर्षे हे कुल पृथ्वीवर टिकून आहे. 

नेच्याचे खोड बहुधा जमिनीत किंवा जमिनीलगत आडवे वाढते. त्यास मूलक्षोड म्हणतात. त्याला खालून तंतुमुळे फुटतात व वरून पाने येतात. कोवळे पान घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेले असते व ते देठाकडून टोकाकडे हळूहळू उलगडते.

आपल्याकडे वृक्षांवर व खडकांवर आढळणाऱ्या बाशिंग या नेच्याला दोन प्रकारची पाने असतात. आखूड, तपकिरी पाने मूलक्षोडाला बिलगून पालापाचोळा साठवतात. त्याच्या कुजण्यातून वनस्पतीस खत मिळते. लांब, हिरवी पाने अन्न तयार करतात. बांडगुळाप्रमाणे बाशिंग वृक्षाचा रस शोषीत नाही. त्याला केवळ आधार हवा असतो.

हिरव्या पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसतात. रोग समजून पुष्कळजण अशी पाने खुडून टाकतात. वस्तुतः हे ठिपके म्हणजे सूक्ष्म पिशव्यांचे पुंजके होत. पिशवी वाळली की तिच्यावरील कडे ताठ होऊन झटका देते आणि आतील बीजुके वाऱ्यावर उधळली जातात.

बीजुकापासून मात्र थेट नेचा उगवत नाही. ओल्या जागी प्रथम नखाहूनही लहान, बहुधा हृदयाच्या आकाराचे हिरवे पाते तयार होते. त्याच्या खालच्या अंगास नर व मादी पेशी निर्माण होतात. नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपेशीपर्यंत पोहोचते आणि त्या मीलनातून नवा नेचा जन्म घेतो. ही दोन रूपे एकाच वनस्पतीच्या आलटूनपालटून येणाऱ्या पिढ्या आहेत, हे जर्मन शास्त्रज्ञ होफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये दाखवून दिले.

या दुहेरी जीवनातील नाजूक दुवा म्हणजे ते इवलेसे पाते. वृक्षतोडीने सावली गेली, दरड उघडी पडली की ते सुकते. मग बीजुके कितीही उधळली तरी वंश पुढे सरकत नाही. म्हणून कुंडीसाठी घाटातून नेचा उपटून आणण्यापेक्षा त्याची सावली व ओल राखणे, हेच त्याचे खरे संवर्धन होय.