लेहमधले पहिले दोन दिवस

सुटीत लडाखला निघालेल्या एका कॅडेटने मला विचारले, "सर, मी क्रॉस कंट्रीत पहिला येतो. मग लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसता पडून का राहू?"

पंचविशीत मलाही हेच वाटले होते. विमानातून उतरलो त्याच संध्याकाळी मी धावायला गेलो. तिसऱ्या रात्री कोरडा खोकला सुरू झाला, आडवे झाले की श्वास पुरेना, पहाटे छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येऊ लागला. इस्पितळात ऑक्सिजन लावला म्हणून आज हे लिहितो आहे.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे प्रत्येक श्वासातून समुद्रसपाटीच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. ऑक्सिजन कमी पडला की शरीरातल्या इतर धमन्या रुंदावतात. फुप्फुसातल्या मात्र आकसतात. एरवी ही सोय चांगली. फुप्फुसाचा एखादा कोपरा कफाने बंद झाला, तर रक्त हवेशीर भागाकडे वळते. विरळ हवेत सगळे फुप्फुसच बंद कोपऱ्यासारखे वागते.

निरोगी फुप्फुस धमनी मऊ असते. हृदयाने रक्त ढकलले की ती फुगते, मग आवळून ते पुढे सारते. तिच्यातला सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दंडातल्या धमनीच्या मानाने फारच थोडा. तिच्या भिंतीत इलॅस्टिनचे तंतू रबरासारखे, तर कोलॅजनचे सुतळीसारखे. दाब कमी असतो तोवर रबर ताणले जाते आणि सुतळी सैल राहते. दाब चढला की सुतळी ताठ होते, धमनी कडक नळीसारखी वागते आणि प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. आठवडेच्या आठवडे असेच चालले तर भिंतीतला स्नायू जाड होतो, कोलॅजनही वाढते. (याकच्या धमन्यांची भिंत मात्र त्या उंचीवरही पातळच राहते!)

माझे जे झाले ते काही दिवसांतच होते. आकसणे सगळीकडे सारखे नसते. जिथे ते कमी, तिथे रक्ताचा लोंढा जातो, केशवाहिन्या पाझरतात आणि वायुकोशांत पाणी शिरते. धावल्याने लोंढा वाढतो. पायांची कमाई इथे कामाला येत नाही. १९६२ नंतर उंचावर गेलेल्या धडधाकट जवानांनाच हा विकार होताना दिसला. लष्करी डॉक्टर इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये अशा शेकडो जवानांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या.

सैन्यात ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस थांबवतात. पहिले दोन दिवस विश्रांती, पुढे हळूहळू चालणे. पालकांनीही लक्षात ठेवावे: बसल्या जागी दम लागला, खोकला थांबेना किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. ऑक्सिजन द्यावा, डॉक्टरांना गाठावे आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरवावे.

त्या कॅडेटने सामानातून धावायचे बूट काढले नाहीत. सातव्या दिवशी घालीन म्हणाला.